ताराब, सिंगेली, कांगा: पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर ऐकलेलं आणि पाहिलेलं

खारे_वारे

नोकरीच्या निमित्ताने तीन वर्षं टांझानियातल्या दार-एस-सलामला राहून गेल्या पावसाळ्यात ठाण्याला परत आले. आल्यापासून सगळे एकच विचारतात, 'सिंह बघितलेस का?' बघितले. पण त्या तीन वर्षांतलं माझ्याजवळ खरं उरलंय ते तिथलं गाणं. त्याबद्दल कोणाशी तरी भरभरून बोलायचं होतं, म्हणून हा धागा.

शेजारच्या मामा (तिकडे थोरल्या बाईला 'मामा' म्हणतात) मला त्यांच्या पुतणीच्या लग्नाला घेऊन गेल्या. रात्रीचा ताराबचा कार्यक्रम (ताराब म्हणजे तिथल्या किनाऱ्यावरचं, वाद्यवृंदासह गायचं गाणं), सगळ्या बायका. कीबोर्ड, गिटार आणि एका जागी जवळजवळ न हलता उभी असलेली गायिका. गाणं सुरू झालं की एकेक बाई उठायची, डोक्याच्या वर नोट धरून संथ डोलत पुढे जायची आणि ती गायिकेच्या हातात द्यायची. मला आपली दौलतजादाच आठवली. पण मामा कानात म्हणाल्या, 'पैसे बघू नकोस. कोण कोणत्या ओळीला उठते ते बघ.' ओळ होती दुसऱ्याच्या संसारात नाक खुपसणाऱ्या बाईबद्दल. हिरव्या पोशाखातली एक जण उठली, मुद्दाम लांबचा वळसा घेऊन कोपऱ्यातल्या एकीच्या समोरून गेली, तिथे दोन क्षण रेंगाळली आणि मग नोट दिली. एक शब्द बोलली नाही. अख्ख्या मांडवाला कळलं.

या नोट देण्याला 'कुतुंझा' म्हणतात, आणि अशा बोचऱ्या गाण्यांना 'मिपाशो', म्हणजे टोमणेच. खदिजा कोपा ही त्यातली राणी. हे झालं आधुनिक ताराब. जुनं ताराब वेगळं: उद आणि कानून ही अरबी तंतुवाद्यं, शिवाय व्हायोलिन, अकॉर्डियन अशी मोठी बैठक. झांझिबारचा 'इख्वानी सफा' हा असा वाद्यवृंद १९०५ सालचा, आणि तो अजून वाजवतो.

मामांना विचारलं, हे सगळं बायकांच्या हातात आलं कसं? त्यांनी एकच नाव घेतलं: सिती बिंती साद.

साधारण १८८० च्या सुमाराला झांझिबार बेटावरच्या फुंबा गावात जन्मलेली ही बाई. आईवडिलांनी ठेवलेलं नाव 'म्तुम्वा', म्हणजे गुलाम. बेटावर गुलामगिरी कायद्याने संपली ती १८९७ साली, तेव्हा ती पंधरा-सतरा वर्षांची असेल. डोक्यावर मडकी घेऊन, ओरडत ती शहरात विकायला यायची. तो आवाज ऐकूनच लोकांनी तिला गाण्याकडे वळवलं आणि पुढे 'सिती' हे नाव दिलं, म्हणजे बाईसाहेब. तोवर दरबारातलं ताराब अरबीत गायलं जायचं. हिने ते लोकांच्या बोलण्यातल्या स्वाहिली भाषेत आणलं आणि गल्लीतल्या गोष्टी त्यात घातल्या. तिचं 'किजिती' नावाचं गाणं एका खुनाबद्दल आहे. दार-एस-सलामहून पाहुणी आलेल्या बाईचा खून होतो, खुनी पळून जातो आणि साक्ष द्यायला गेलेल्यांनाच शिक्षा होते. तिच्या गावातला न्याय असा होता आणि तिने तो गाऊन ठेवला.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. १९२८ च्या मार्चमध्ये सिती आणि तिचे साथीदार बोटीने मुंबईला आले आणि एचएमव्हीसाठी इथे गायले. स्वाहिली गाणं तबकडीवर आलं ते मुंबईत. मी जन्माची ठाण्याची, वीस वर्षं मुंबईला नोकरी केली, आणि हे मला दार-एस-सलामच्या एका ओसरीवर बसून कळलं. खूप वेळ काही बोलायला सुचलं नाही.

ज्यांना तिकडचं काही ऐकून, पाहून माहीत आहे त्यांनी लिहा. पुढे केनियाच्या किनाऱ्यावरच्या मुंबासातल्या हिंदी चालींवरच्या ताराबबद्दलही लिहीन. तिथे एक वाद्य होतं, 'ताश्कोता' म्हणतात. पेटीसारखी बटणं आणि खाली तारा.

बेंजोवाला_परळ

ताई, डाव्या हाताने बटणं दाबायची आणि उजव्या हाताने तारा छेडायच्या, असंच ना? मग ते आमचं बेंजो आहे! गणपतीत, हळदीला, लग्नाच्या वरातीत वाजतं ते. पुस्तकात बुलबुल तरंग लिहितात, पण परळ-लालबागात कोणी तसं म्हणत नाही. मी सोळा वर्षं वाजवतोय. जमलं तर त्यातलं एखादं गाणं कुठे ऐकायला मिळेल ते सांगा.

खारे_वारे

तेच! मूळ वाद्य जपानी, 'ताइशोगोतो'. १९१२ साली नागोयाच्या गोरो मोरिता यांनी बनवलं. टंकलेखन यंत्राची बटणं जपानी तंतुवाद्यावर बसवली अशी कल्पना होती. तिथून ते बोटींबरोबर फिरलं. इकडे बुलबुल तरंग आणि बेंजो झालं, तिकडे मुंबासात ताश्कोता. दोन्हीकडे ते लग्नातच जाऊन बसलं याचं मला फार अप्रूप वाटतं.

मुंबासाचे ताराब गायक जुमा भालो यांच्यापासून सुरुवात करा. २०१४ साली वारले. हार्मोनियम, तबला आणि हिंदी सिनेमाच्या चाली, पण शब्द पूर्ण स्वाहिली. तुम्हाला चाल दोन ओळींत ओळखू येईल.

उनाड

मस्त धागा. झांझिबार म्हटलं की मला फ्रेडी मर्क्युरी आठवतो. १९४६ साली तिथे जन्म आणि शाळा आपल्या पाचगणीला. आणि 'आवारा' तिकडे प्रचंड चालला होता असं वाचलंय. हिंदी सिनेमाने किती जग जिंकलं!

अक्षरगण

मला जुमा भालोंबद्दल एक शंका आहे. चाल आयती उचलायची आणि त्यावर शब्द बसवायचे, याला स्वतंत्र कला म्हणायचं का? आपल्याकडेही भक्तिगीतं सिनेमाच्या चालींवर बसवतात, त्यातली बरीचशी ऐकवत नाहीत. खोडून काढायचं म्हणून विचारत नाहीये, खरंच समजून घ्यायचंय.

खारे_वारे

@अक्षरगण, तुमच्या नावाला शोभेल असं उत्तर माझ्याकडे आहे.

स्वाहिली काव्यात 'शाइरी' नावाचा छंद आहे. कडव्यात चार ओळी, ओळीत सोळा अक्षरं, बरोबर आठ-आठला यती. यमक ओळीच्या शेवटी असतंच, शिवाय मधल्या यतीलाही. भाषेतली जवळजवळ सगळी अक्षरं स्वरान्त, त्यामुळे मोजणी आपल्यासारखीच सरळ. मामांचा नातू शाळेत बोटांवर मोजून ओळी करायचा. मी त्याला आपला लहान अभंग मोजून दाखवला, आठ आणि आठ. तो म्हणाला, हे तर आमचंच आहे.

म्हणून मुंबासात चाल बाहेरून आली तरी श्रोते कान देतात ते कडव्याला. कवी वेगळा, गायक वेगळा, आणि चांगल्या कवीचं नाव लोकांना तोंडपाठ. उसन्या चालींबद्दल तिथेही कुरकूर करणारे होते. पण आठ-आठच्या साच्यात दुहेरी अर्थ भरून तो हिंदी चालीच्या वळणावर नेमका उतरवायचा, ही कारागिरी आहे. मी तरी तिला उसनवारी म्हणणार नाही.

अक्षरगण

आठ-आठ, मधलं यमक, आणि वर दुहेरी अर्थ. शंका मागे घेतली. आज रात्री ऐकतो.

मीठभाकर

धागा आवडला, पण मनात आलेलं लिहितो. आतापर्यंतचे प्रतिसाद वाचा: मुंबई, पाचगणी, आवारा, बेंजो, अभंग. आपण आफ्रिकेकडे बघतोय की आरशात? मी सहा वर्षं नैरोबीत काढली. तिथल्या आपल्या लोकांच्या घरांत कामाला येणाऱ्या माणसाचं पूर्ण नाव माहीत नसायचं, त्याचं गाणं तर दूरच. त्यांच्या कलेतला जो भाग आपल्याकडून गेला तेवढाच आपल्याला गोड लागतो, असं होऊ नये. त्यांचं आज काय चाललंय? विशी-बाविशीतली मुलं काय करतायत? तेही येऊ दे.

खारे_वारे

@मीठभाकर, हे लागलं, आणि लागायलाच हवं होतं. माझी सुरुवातही मुंबईच्या धाग्याला धरूनच झाली हे खरं आहे.

झांझिबारमध्ये भारतीय व्यापाऱ्यांची घरं सुलतानाच्या काळापासून. सावकारी, जकात, लवंगांचा व्यापार. १९६४ च्या जानेवारीत क्रांती झाली तेव्हा त्या उतरंडीत वर बसलेल्यांत अरबांबरोबर भारतीयही होते. ते सोडून नुसती गाण्याची देवाणघेवाण सांगणं अर्धवट आहे.

तर आजचं. सिंगेली.

पहिल्यांदा ऐकली ती दालादालामध्ये, म्हणजे तिथल्या वडापच्या गाडीत. मला वाटलं मोबाइल बिघडलाय, गाणं दुप्पट वेगाने वाजतंय. मिनिटाला दोनशेच्या वर ठोके, काही गाणी तीनशेच्या जवळ. त्यावर एक सोळा-सतरा वर्षांचा मुलगा श्वास न घेता बोलतोय: भाडं, पोलीस, मुलगी, आईचं दुखणं, रिकामा खिसा. हे दार-एस-सलामच्या गरीब वस्त्यांमधलं संगीत. मन्झेसे, म्बुराहाती असे भाग, ज्यांना सगळे मिळून 'उस्वाहिलिनी' म्हणतात. रात्रभर चालणारे 'किगोदोरो' हे वस्तीतले जलसे, आणि स्वस्त कॅसिओ कीबोर्डवर वाजणारं 'म्चिरिकू', त्यांतून ही उगवली. पोरांकडे एक जुना संगणक असतो. त्यावर ताराबच्या गाण्याचा एखादा तुकडा कापायचा, तो वेडावाकडा वेगवान करून फिरवत ठेवायचा आणि वर ठोके चढवायचे.

आता हेही ताराबपाशीच पोचतं, पण मुद्दा तो नाही. आजीच्या लग्नातलं गाणं घेऊन त्या पोरांनी ते स्वतःच्या घाईच्या जगण्याएवढं वेगवान केलंय. म्सागा सुमू हे त्यातलं वस्तीतलं लाडकं नाव. २०१७ साली युगांडातल्या कंपालाच्या न्येगे न्येगे टेप्स या रेकॉर्ड कंपनीने म्बुराहातीच्या सिसो स्टुडिओतल्या गाण्यांचा संग्रह काढला, आणि युरोपच्या जलशांमध्ये ही मुलं वाजवायला लागली. मला पहिले दोन महिने डोकं दुखायचं. मग एका संध्याकाळी गल्लीतल्या पोरी त्यावर नाचताना पाहिल्या: पाय वेगात, खांदे संथ. तेव्हा कळलं की या वेगाच्या आत एक हळू चाल लपलेली आहे आणि अंग ती पकडतं. त्या दिवसापासून मला सिंगेली ऐकू यायला लागली.

रंगरेषा

चित्रांबद्दल थोडं. टिंगाटिंगा शैलीची चित्रं तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. चकचकीत रंगातले बिबटे, पक्षी, गोरखचिंचेची झाडं. पर्यटकांसाठीचा माल म्हणून आम्हा चित्रकलावाल्यांनी ती बरीच वर्षं बाजूला टाकली. पण एडवर्ड सैदी टिंगाटिंगा हा माणूस बघा. दक्षिण टांझानियातल्या तुंदुरूकडचा, दार-एस-सलाममध्ये साहेबांच्या घरी कामाला. १९६८ च्या सुमाराला त्याने दोन फुटी हार्डबोर्डवर सायकलच्या रंगाने चित्रं काढायला सुरुवात केली. कॅनव्हास परवडत नव्हता, तैलरंग मिळत नव्हते. चार वर्षांत, १९७२ साली, चोर समजून पोलिसांनी त्याला गोळी घातली आणि तो गेला. हाताशी शिकत असलेल्या चारदोन नातलगांनी, मित्रांनी ते काम पुढे चालू ठेवलं आणि त्याचं नाव शैलीला मिळालं. चार वर्षांच्या कामावर एक शैली उभी राहते हे मी माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी सांगते.

दुसरं नाव लुबैना हिमिद. १९५४ साली झांझिबारला जन्म, काही महिन्यांची असताना आईबरोबर इंग्लंडला. २०१७ साली ब्रिटनमधला चित्र-शिल्पकलेचा टर्नर पुरस्कार, तेव्हा ती ६३ वर्षांची होती. तो मिळालेली पहिली कृष्णवर्णीय स्त्री. तिच्या कामात कांगा पुन्हा पुन्हा येतो. कांगा काय ते खारे_वारे यांनीच लिहावं.

आणि केनियाचा मायकेल आर्मिटेज. तो कॅनव्हासऐवजी युगांडातल्या 'लुबुगो'वर रंगवतो. मुतुबा नावाच्या वडपिंपळाच्या कुळातल्या झाडाची साल सोलून, कुटून केलेलं कापड. त्यात भोकं असतात, शिवण असते, रंग कुठे शोषला जातो तर कुठे वर राहतो. कापडाच्या खोडी तो लपवत नाही, चित्राची रचना त्यांना धरूनच करतो. याने २०२० साली नैरोबीत समकालीन कलेसाठी संस्थाही उभी केली. प्रदर्शनं लंडनला होतात, पण नैरोबीतल्या मुलांना चित्रं नैरोबीतच बघायला मिळावीत, हा त्यामागचा आग्रह मला फार मोलाचा वाटतो.

खारे_वारे

कांगा म्हणजे बायकांचं जोडवस्त्र. एक कमरेला, एक खांद्यावर वा डोक्यावर. चारी बाजूंनी काठ, मध्ये नक्षी आणि खालच्या बाजूला एक छापील ओळ. ती ओळच खरी. मामांनी निरोपाला मला दिलेल्या कांग्यावर आहे: 'उसिसाफिरिये न्योता या म्वेन्झियो'. दुसऱ्याच्या ताऱ्यावर आपली होडी हाकारू नकोस. आवडीची ओळ नेसायची, कोणाला ऐकवायची असेल ती नेसून त्याच्या दारावरून जायचं. गाण्यातली नोट आणि नेसणातली ओळ, काम एकच. सासू-सुनांमधली अख्खी भांडणं कापडावर चालतात.

(काठावर बारीक अक्षरांत 'मेड इन इंडिया' होतं. @मीठभाकर, हे लिहू की नको असा विचार केला, पण आहे ते आहे.)

मीठभाकर

लिहा की! मला फक्त तेवढ्यावर थांबायचं नव्हतं.

सिनेमाचा विषय निघाला नाही अजून. वानुरी काहियूचा 'रफीकी' शोधून बघा. २०१८ साली कान चित्रपट महोत्सवाच्या अधिकृत निवडीत गेलेला पहिला केनियन चित्रपट. दोन मुलींच्या प्रेमाची गोष्ट, म्हणून केनियात बंदी. दिग्दर्शिका काहियू कोर्टात गेली आणि न्यायालयाने सात दिवसांपुरती बंदी उठवली. त्या सात दिवसांत नैरोबीच्या थिएटरांत तिकीट मिळत नव्हतं. पडद्यावर पोरींचे कपडे, भिंती, केसांच्या वेण्या, सगळीकडे गुलाबी-जांभळा रंग. आफ्रिकेवरच्या सिनेमात दुष्काळ आणि बंदुका बघून कंटाळलेल्यांना तो रंगच आधी आवडेल.

सुपारीबाग

मी पश्चिम आफ्रिकेतलं एक सांगतो. माती दियोपचा 'दाहोमे', २०२४ साली बर्लिनला सुवर्ण अस्वल मिळालेला माहितीपट. फ्रान्सने लुटून नेलेल्या २६ वस्तू २०२१ च्या नोव्हेंबरात पॅरिसहून बेनिनला परत आल्या, त्याचं चित्रण. त्यातली एक मूर्ती स्वतःच्या आवाजात बोलते, पेटीतल्या अंधारातून. नंतर तिथल्या विद्यापीठातली मुलं तावातावाने भांडतात: हजारो नेल्या आणि २६ परत केल्या, आनंद मानायचा की अपमान? लंडनची वाघनखं तीन वर्षांच्या बोलीवर साताऱ्याला आली तेव्हा मी रांगेत उभा होतो. ती मुलं जे बोलतात त्यातलं बरंच काही तेव्हा माझ्याही मनात होतं, मला फक्त ते इतकं नीट मांडता आलं नव्हतं.

खारे_वारे

@सुपारीबाग, आज रात्री हाच बघणार.

किनाऱ्यावरच्या सिनेमातला माझा आवडता, 'वूता न्कुवूते'. दिग्दर्शक अमिल शिवजी, २०२१, आदम शफी यांच्या स्वाहिली कादंबरीवर आधारित. १९५० च्या दशकातलं झांझिबार, इंग्रजांचा अंमल. यास्मिन ही भारतीय घरातली कोवळी मुलगी, म्हाताऱ्या नवऱ्याच्या घरातून पळते आणि म्वाजुमा नावाच्या मैत्रिणीकडे आसरा घेते. तिथे तिला देंगे भेटतो, इंग्रजांविरुद्ध लपूनछपून काम करणारा. मघाशी उतरंडीबद्दल लिहिलं ना, ती इथे एकाही भाषणाशिवाय दिसते. यास्मिन आपल्या गल्लीतून पलीकडच्या गल्लीत जाते तेवढ्यात उजेडसुद्धा बदलतो.

म्वाजुमा ताराब गाते, आणि ती भूमिका केलीय सिती अमिनाने. ही आजची उद वाजवणारी गायिका. 'सिती अँड द बँड' हा तिचा वाद्यवृंद आणि 'फ्युजिंग द रूट्स' हा २०१८ चा संग्रह. झांझिबारच्या जुन्या शहरात, म्हणजे स्टोन टाउनमध्ये, जुन्या जकातघरात संगीत शिकवणारी अकादमी आहे, त्यांच्यातले बरेच जण तिथे शिकलेले. मी तिथे एका संध्याकाळी बसले होते. खिडकीबाहेर धो नावाच्या जुन्या शिडाच्या होड्या, आत एक मुलगी उद घेऊन. पूर्वी उद पुरुषांनीच वाजवायचा. आता झांझिबारमध्ये पूर्ण बायकांचा 'तौसी' नावाचा वाद्यवृंदही आहे, २००९ पासून. व्हायोलिनपासून कानूनपर्यंत सगळ्या बायका.

गायिका बी किदुदे यांच्याबद्दल लिहायचं राहिलं. सिती बिंती सादचं ऐकून शिकलेल्या, अनवाणी, सिगारेट ओढणाऱ्या, मोठ्ठा ढोल कमरेला बांधून गाणाऱ्या. २०१३ च्या एप्रिलमध्ये गेल्या तेव्हा त्यांचं वय कोणालाच नक्की सांगता येत नव्हतं, त्यांना स्वतःलाही नाही. फेब्रुवारीत जुन्या किल्ल्यात 'साउती झा बुसारा' हा संगीतमहोत्सव भरतो, २००४ पासून. तिथे त्या गायल्या की पोरंटोरंसुद्धा मंचाशी धावायची, असं मामा सांगतात. मी पोचले तेव्हा त्या नव्हत्या. याचं वाईट वाटतं.

बेंजोवाला_परळ

ताई, ऐकलं. तीन रात्री ऐकतोय. जुमा भालोंची चाल ओळखली, पण ते ती जिथे सोडतात तिथे आम्ही कधी सोडली नसती. शेवटचा सूर न घेताच वळतात. आमच्या तालमीत पोरांना ऐकवलं. सिंगेली लावली तेव्हा ताशावाला पोरगा दोन मिनिटं नुसता बघत राहिला, मग म्हणाला, दादा, मधला ठोका सोडून वाजवलं तर बसेल. बसलं! रात्री साडेबारापर्यंत वाजवत होतो, शेवटी खालून ओरडा आला.

एक काम होतं. ते ताराबचं गाणं बेंजोवर उतरवलंय, पण शब्द कळत नाहीत. काय म्हणतोय ते न कळता वाजवायला बरं वाटत नाही. एखादी ओळ दुखाची असेल आणि आम्ही ती हळदीत वाजवायचो.

खारे_वारे

आज मामांना फोन केला. पहिलं कडवं त्यांनी सांगितलं: समुद्रावर गेलेल्या माणसाची वाट बघणाऱ्या बाईचं आहे. दुसऱ्यातला एक शब्द जुन्या मुंबासाच्या बोलीतला आहे, तो त्यांनाही लागेना. शुक्रवारी त्यांचे थोरले दीर येणार आहेत, त्यांना विचारून सांगते म्हणाल्या. तुमचं वाजवलेलं मला पाठवा, मामांना ऐकवायचंय. हळदीत मात्र नका वाजवू.